चिमटेबाईंचं पार्किंग

फुटबॉलच्या नव्या स्टेडियमला कुणाचं नाव द्यायचं हे पाया खणायच्या आधी ठरलं होतं, आणि गाड्या कुठे लावायच्या हे छत चढल्यावर. एवढं सांगितलं की पुढे काय घोळ झाला असेल ते शहाण्या माणसाला कळतं. नाव विकत घेतलं होतं गाद्या बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीने, चांगलं दहा वर्षांसाठी. ज्या खेळात माणसं दीड तास ऊर फुटेस्तोवर धावतात त्याच्या मैदानाला झोपायच्या वस्तूचं नाव द्यावं, हे ज्याला सुचलं त्याला रात्री गाढ झोप लागत असणार. असो. पैसा त्यांचा, नाव त्यांचं. आपली गोष्ट चिमटेबाईंची आहे.

चिमटेबाई जुन्या मैदानावर सत्तावीस वर्षं गाड्या लावत होत्या. त्याआधी चार वर्षं त्या तिथल्याच धुण्याच्या खोलीत कामाला होत्या. खोली कसली, प्रेक्षकांच्या बाकांखालची उतरत्या छताची जागा. सरळ उभं राहायचं तर दारापाशीच. आत दोन मोठी मशीन आणि बाहेर भिंतीला समांतर सात तारा. मोठ्यांच्या संघाचे शर्ट लाल चिमट्यांनी लावायचे, मुलांचे निळ्या, मुलींचे पिवळ्या, म्हणजे घडी घालताना याचा शर्ट त्याच्या पिशवीत जायला नको. ही रंगांची सोय बाईंचीच. कुणी सांगितली नव्हती आणि कुणी कौतुकही केलं नव्हतं.

एका सामन्याच्या दिवशी गाड्या लावणारा माणूस उगवलाच नाही. फाटकात गाड्यांची झुंबड. एक सासरा आणि त्याचा जावई आपापल्या गाडीतून एकाच जागेसाठी भांडत होते आणि दोघांच्या मधे सापडलेली मुलगी कुणाची बाजू घ्यावी म्हणून रडकुंडीला आली होती. बाई हातातले ओले शर्ट बादलीत टाकून बाहेर आल्या. एप्रनच्या खिशात चिमटे तसेच होते.

त्यांचे यजमान बसच्या डेपोत होते. डेपोत गाडी लावायची एक रीत असते: सकाळी आधी निघणारी बस रात्री पुढे उभी पाहिजे, मग ती डेपोत केव्हाही येवो. नाहीतर पहाटे चाळीस बसगाड्या एकमेकींच्या तोंडाकडे बघत बसतात. लग्नानंतरच्या पहिल्या पाच वर्षांत नवऱ्याने बायकोशी गोडीगुलाबीचं किती बोलून घेतलं ते तो जाणे, पण डेपोची रांग मात्र बाईंना तोंडपाठ झाली होती. त्यामुळे त्या दिवशी फाटकात उभ्या राहून त्यांनी पहिल्या गाडीवाल्याला जे विचारलं ते आजवर कुणीच कुणाला विचारलं नव्हतं.

“सामना संपल्यावर जाणार कुठे?”

“अहो, अजून आत तरी येऊ द्या.”

“येऊ देते हो. जायचं सांगा.”

पुलाकडे जाणाऱ्याच्या वायपरला लाल चिमटा, स्टेशनकडे जाणाऱ्याच्या निळा, टेकडीच्या रस्त्याने जाणाऱ्याच्या पिवळा. खिसा संपत आला तेव्हा रांगेतल्या पहिल्याच गाडीला चिमटा, बाकीच्या तिच्यामागे. लाल गाड्या लाल रांगेत, तोंड पुलाच्या दिशेला. कुणी कुणाला आडवं जायचं नाही. ज्यांच्या मागच्या सीटवर लहान मूल पेंगत असेल ते शेवटपर्यंत बसत नाहीत, म्हणून ते फाटकाजवळ. सासऱ्याला लाल चिमटा मिळाला आणि जावयाला पिवळा, भांडण तिथेच मिटलं. संध्याकाळी नऊशे गाड्या बावीस मिनिटांत बाहेर पडल्या. दुसऱ्या दिवसापासून शर्ट दुसरं कुणीतरी धुऊ लागलं.

चिमटेबाई हे नाव तेव्हाचं. निम्मं चिमट्यांमुळे पडलं आणि निम्मं जिभेमुळे, कारण रांग मोडणाऱ्याला त्या असा काही शालजोडीतला द्यायच्या की तो पुढच्या सामन्याला चालत यायचा. हे नाव कुणी विकलं नाही आणि कुणी विकत घेतलं नाही. ते इतकं मुरलं की घरीसुद्धा त्यांना दुसऱ्या नावाने हाक मारायचं कुणाच्या ध्यानात राहिलं नाही. हळूहळू त्यांच्या हाताखाली अकरा बायका जमल्या. त्यात सगळ्यात जुनी होती बाईंची थोरली नणंद. ती फाटकात उभी राहून बाहेर जाणाऱ्या गाडीचा चिमटा काढून घ्यायची आणि वहिनीच्या चुका शोधायची. पहिलं काम मोठं होतं, दुसऱ्यात फारसं हाताला लागत नसे.

मग नवं स्टेडियम झालं आणि जुनं मैदान बंद झालं. नव्या व्यवस्थापकांनी बाराजणींना एक कागद पाठवला. नव्या पार्किंगला यंत्राचे अडसर बसणार, गाड्या तिकिटाच्या रंगाप्रमाणे आपोआप लागणार, तेव्हा तुम्ही सगळ्याजणी आता पिशव्या आणि छत्र्या सांभाळायच्या खिडकीवर. बाईंनी कागद दोनदा वाचला. त्यांना वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याचा रागही आला. सत्तावीस वर्षं लाखो गाड्या ज्या हातांनी वळवल्या त्या हातांनी आता छत्र्यांना बिल्ले बांधायचे.

त्या तडक बांधकामाच्या कचेरीत गेल्या. भिंतीवर पार्किंगचा नकाशा चिकटवलेला होता आणि त्यासमोर तो काढणारा इंजिनिअर सँडविच खात उभा होता. पोरगा स्वभावाने बरा, पण उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांतला. त्याने मोठ्या उत्साहाने समजावलं. चोवीसशे गाड्या, तिकिटाच्या रंगाचे चार भाग, सगळ्या पस्तीस मिनिटांत आत.

“आणि बाहेर?” बाईंनी विचारलं.

“बाहेर तेवढ्याच वेळात, मावशी. उलट्या क्रमाने.”

“साहेब, येताना लोक दोन तासांत येतात. जाताना एका शिट्टीत निघतात.”

इंजिनिअरने सँडविच खाली ठेवलं. बाई नकाशाच्या आणखी जवळ गेल्या. बरोब्बर मधोमध, मागच्या रुंद फाटकाच्या तोंडाशी, मोठा पांढरा पट्टा होता. त्यात सात अक्षरं, एकेक अक्षर दोन बसगाड्यांएवढं.

“हे काय?”

“कंपनीचं नाव. जमिनीवर रंगवलंय. सामना दाखवताना वरून कॅमेरा फिरतो ना, त्यात दिसलं पाहिजे असं करारात आहे. चारही बाजूंनी दोरी लावलीय. त्यावर गाडी न्यायची नाही.”

“म्हणजे मागचं फाटक बंदच.”

“तसंच म्हणा.”

“टेकडीकडे जाणाऱ्यांनी काय करायचं?”

“पुढच्या फाटकातून बाहेर पडायचं आणि वळसा घालायचा.” मग तो जरा खालच्या आवाजात म्हणाला, “नाव आधी आलं, मावशी. नकाशा त्याच्याभोवती काढायला सांगितला. मी काय करणार?”

बाई घरी आल्या. यजमान निवृत्त होऊन गुडघे चोळत खिडकीपाशी बसलेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, “डेपोत असा नकाशा कुणी काढला असता तर त्याला दुसऱ्या दिवशी पहाटेच्या पहिल्या बसने घरी पाठवला असता.” बाईंना त्यातल्या त्यात बरं वाटलं. पण कामावर जायचं होतं ते खिडकीवरच.

उद्घाटनाचा सामना झाला. बाई खिडकीत छत्र्या परत करत होत्या तेव्हा पहिला हॉर्न वाजला. मग दुसरा. मग वेगवेगळे हॉर्न ओळखू येईनासे झाले. पार्किंग रिकामं व्हायला एक तास पन्नास मिनिटं लागली. पुलाचा गाडीवाला स्टेशनवाल्याला आडवा, स्टेशनवाला टेकडीवाल्याला, आणि मधोमध ती सात अक्षरं दोरीच्या आत पाय पसरून मोकळी पडलेली. रेडिओवर दर दहा मिनिटांनी रहदारीची बातमी, आणि प्रत्येक बातमीत कंपनीचं नाव. अमुक स्टेडियमपाशी गाड्या अडकल्या आहेत, अमुक स्टेडियमचा रस्ता टाळा. नाव मोठं, लक्षण खोटं, असं लोक उघड बोलू लागले. कुणी म्हणे, जाहिरात मात्र खरी निघाली, आम्हाला गाडीतच झोप लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीच्या मॅडम आल्या. नावाचा सगळा कारभार त्यांच्याकडे होता. अंगाने ठेंगण्या, बोलणं मोजकं. व्यवस्थापकांना त्यांनी सांगितलं, “लोकांच्या तोंडी नाव यावं म्हणून आम्ही ते इथे लावलं. असं यायला नको होतं. पुढच्या सामन्यालाही हेच झालं तर नाव काढून घेऊ.”

व्यवस्थापकांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी इंजिनिअरकडे पाहिलं, इंजिनिअरने नकाशाकडे. आणि इथे त्या पोराला मानलं पाहिजे, कारण स्वतःच्या चुकीवर पांघरूण घालायची ही नामी संधी होती आणि त्याने ती सोडली. तो म्हणाला, “हे मला आधी एका बाईंनी सांगितलं होतं. पिशव्यांच्या खिडकीवर असतात.”

बाईंना बोलावलं. व्यवस्थापकांनी खुर्ची दिली नाही. मॅडमनी दिली.

“पुढचा सामना तुमच्या ताब्यात,” व्यवस्थापक म्हणाले. “चाळीस मिनिटांत पार्किंग रिकामं झालं पाहिजे. झालं तर ते काम तुमचं, बाराजणींचं, कायमचं. नाही झालं तर खिडकी, आणि पुन्हा हा विषय काढायचा नाही.”

“मागचं फाटक उघडून द्या.”

“त्यासाठी नावावरून जावं लागेल,” मॅडम म्हणाल्या. “ते नाही. नावाला हात लावायचा नाही.”

बाईंनी मनातल्या मनात आकडेमोड केली. मागच्या फाटकाशिवाय पन्नास मिनिटं लागणार, एकही कमी नाही. तरी त्या “हो” म्हणाल्या.

घरी यजमानांनी विचारलं, “हो कशाला म्हणालीस?”

“नाही म्हटलं असतं तर आयुष्यभर छत्र्या. हो म्हटलं तर निदान फाटकात उभी तरी राहीन.”

पुढचे पंधरा दिवस धावपळीचे गेले. जुने चिमटे जुन्या मैदानाबरोबर भंगारात गेलेले, आता चोवीसशे आणायचे कुठून? बाराजणींनी आपापल्या घरचे काढले, शेजारणींचे मागितले, आणि तरी सहाशेसुद्धा भरेनात. तेव्हा इंजिनिअर स्वतः दुकानं पालथी घालून तीन पोती भरून घेऊन आला. दुकानदाराने त्याला विचारलं होतं म्हणे, घरात माणसं तरी किती? जमिनीवर नव्या रेघा आखल्या गेल्या. बाई पुढे चालायच्या आणि खडूने खूण करायच्या, मागून रंगाची गाडी. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या शब्दावर यंत्र वळत होतं, आणि त्यांना ते फार आवडलं.

सामन्याचा दिवस उजाडला. दुपारी दोनपासून गाड्या येऊ लागल्या. जुने लोक चिमटा बघून हसले, “आलात का परत?” नव्यांनी तक्रार केली, बाईंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. लाल रांगा भरल्या, निळ्या भरल्या. पिवळ्या गाड्या मात्र बाईंनी अशा लावल्या की नणंद धावत आली.

“वहिनी, ह्या सगळ्यांची तोंडं दोरीकडे का केलीत? तिकडे तर नाव आहे. फाटक तिकडे उघडत नाही.”

“माहितीय मला, ताई.”

“मग?”

“तोंड करून ठेवायला काय पैसे पडतात?”

नणंदेला सगळं समजलं. तिचा चेहरा उतरला. दोरी सुटली नाही तर सातशे पिवळ्या गाड्या तिथेच उलट्या वळवाव्या लागणार होत्या, आणि मग चाळीस काय, ऐंशी मिनिटंही पुरली नसती. बाईंनी सगळं एका डावावर लावलं होतं, आणि तो डाव त्यांच्या हातात नव्हता.

सामना बरोबरीत चालला होता. त्यामुळे शेवटपर्यंत जागचं कुणी हललं नाही, पेंगणारी मुलंसुद्धा जागी राहिली. शेवटच्या मिनिटाला घरच्या संघाने गोल केला. छत हादरलं आणि शिट्टी झाली. पाच मिनिटांत सगळं गाव गाड्यांपाशी.

व्यवस्थापकांनी घड्याळ लावलं. लाल रांग सुटली, डावीकडे वळली आणि पुलाकडे लागली. निळी सुटली, उजवीकडे वळली. दोन्ही रांगा एकमेकींना न शिवता अशा निघाल्या की बघत राहावं. फाटकात नणंद आणि दोघीजणी चिमटे उडवत होत्या, बादल्या भरत होत्या. दहा मिनिटं झाली, चौदा झाली. पिवळ्या गाड्या मात्र इंजिन सुरू करून दोरीसमोर उभ्या. मागून एकाने हॉर्न दिला. मग दुसऱ्याने.

बाई दोरीपाशी पोचल्या तेव्हा मॅडम तिथेच उभ्या होत्या.

“ह्यांची तोंडं इकडे का?” मॅडमनी विचारलं. त्यांना उत्तर माहीत होतं.

“टेकडी तिकडे आहे म्हणून.”

“मी नाही म्हटलं होतं.”

“हो. मी ऐकलं होतं.” बाईंनी मागच्या रांगेकडे बोट केलं. “मॅडम, चाकं गेली तर रंग जाईल. रंग परत मारता येतो. मागच्या खेपेला लोकांनी ज्या शिव्या दिल्या त्या पुसायला कुठला रंग आणणार? ऐका हॉर्न. अजून दोन मिनिटांनी प्रत्येकजण तुमचं नाव घेईल, आणि कसं घेईल ते मी तुमच्यासमोर बोलून दाखवू शकत नाही.”

मागे आता पन्नास हॉर्न वाजत होते. व्यवस्थापक लांबून हात हलवत धावत येत होते. बाईंनी दोरीला हात लावला नाही. ती दुसऱ्याच्या नावाची दोरी होती, आणि ती सोडायची तर ज्याची त्याने.

मग मॅडमनी खाली वाकून खांबाची गाठ धरली. गाठ घट्ट होती. नखाने निघेना, तेव्हा त्यांनी दाताने ओढली. दोरी पडली. पलीकडे इंजिनिअरने कुणी न सांगता मागचं फाटक उघडलं होतं. किल्ली सकाळपासून त्याच्या खिशात होती हे त्याने नंतर कबूल केलं.

पहिली पिवळी गाडी पहिल्या अक्षरावर चढली, तेव्हा चालवणारा घाबरून थांबला. बाईंनी शिट्टी मारली आणि दोन्ही हातांनी बोलावलं, “या, या, या, बिनधास्त या.” आणि मग ओघ लागला. सातशे गाड्या सात अक्षरांवरून गेल्या. मुलं खिडक्यांतून हात हलवत होती, कुणी गोलच्या आनंदात ओरडत होतं, आणि हॉर्न आता वाजत होते ते तालात. मॅडम दोरीचं टोक हातात धरून कडेला उभ्या होत्या. त्याही नकळत हात हलवू लागल्या होत्या.

शेवटची गाडी बाहेर पडली आणि व्यवस्थापकांनी घड्याळ बंद केलं. तेहेतीस मिनिटं. त्यांनी ते दोनदा बघितलं, मग इंजिनिअरला दाखवलं, मग स्वतःच्या मनगटावरच्या घड्याळाशी ताडून पाहिलं. तेहेतीस ते तेहेतीसच.

चिमटेबाई रिकाम्या मैदानात कडेच्या दगडावर बसल्या. नणंद बादली घेऊन आली आणि म्हणाली, “एक निळा चिमटा कमी आहे.” तेवढ्यावर बाई इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं, आणि मग ते पाणी थांबेचना. त्यांना फार आनंद झाला होता. सत्तावीस वर्षांत अशा त्या कधी बसल्या नव्हत्या. बाकीच्या दहाजणी येऊन भोवती बसल्या आणि कुणीतरी थर्मासमधला चहा ओतला. रेडिओवर रहदारीची बातमी आली, त्यात स्टेडियमचा उल्लेखही नव्हता. मॅडमनी ती गाडीत बसून पूर्ण ऐकली आणि व्यवस्थापकांना म्हणाल्या, “नाव राहील. जमिनीवरचं काढा, छतावर रंगवा.”

आठवड्याने इंजिनिअर बाईंच्या घरी आला. बरोबर मोठी गुंडाळी होती. जेवायच्या टेबलावर एवढा कागद मावेना, म्हणून बाईंनी पलंगावरची चादर नीट केली आणि तिथे पसरला. नवा नकाशा होता. तीन रंगांच्या रांगा, मागचं फाटक उघडं, पेंगणाऱ्या मुलांची जागा वेगळी. यजमान काठी टेकत आले, वाकून प्रत्येक रांग बोटाने चालत गेले आणि शेवटी म्हणाले, “डेपोला चालेल.” त्यांच्या तोंडून याहून मोठी शाबासकी आजवर कुणी ऐकलेली नव्हती.

“एक राहिलंय,” इंजिनिअर म्हणाला. त्याने कागदाचा उजवा कोपरा पुढे केला. तिथे एक छोटी चौकट होती. वर लिहिलं होतं, ‘आराखडा तयार करणार’, आणि पुढे जागा कोरी.

“तिथे तुमचं नाव असतं ना, साहेब?”

“असतं. पण हा मी नुसता उतरवून काढलाय. तुमचं लिहा. पूर्ण नाव, मावशी. टोपणनाव नको, हा कागद सरकारात जातो.”

बाईंनी पेन हातात घेतलं. मग आईवडिलांनी ठेवलेलं आपलं नाव त्यांनी सावकाश लिहिलं, एकेक अक्षर वळवून. पुढे वडिलांचं लिहिलं, त्यापुढे आडनाव. चौकट संपली, नाव संपलं नाही. आडनावाची शेवटची दोन अक्षरं रेघ ओलांडून लाल गाड्यांच्या रांगेत जाऊन उभी राहिली.

“बाहेर गेलं,” त्या ओशाळून म्हणाल्या.

“राहू द्या,” इंजिनिअर म्हणाला.

यजमानांनी चष्मा चढवला, कागदावर वाकले आणि बायकोचं पूर्ण नाव मोठ्याने वाचलं. त्या घरात ते कित्येक वर्षांत कुणी उच्चारलं नव्हतं. त्यांनी ते पुन्हा एकदा वाचलं, या वेळी जरा हळू.

“आता खाली तारीख घाल,” ते म्हणाले.